त्वष्ट्याचा चमस आणि आपली घागर

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या व्यवसायाचा इतिहास’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविली, एवढीच आमची विद्या. घराण्याचा हातोडा थोरल्या बंधूंनी उचलला आणि आम्ही खडू उचलला. तथापि पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत ज्याचे बालपण गेले, त्याच्या कानांतून ती ठोक सहजासहजी जात नाही. त्या आठवणीच्या आधारावर आणि सेवानिवृत्तीनंतर जे थोडेफार वाचन घडले त्याच्या बळावर हा लेख ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहोत. न्यून ते पुरते करून घ्यावे.

अशा लेखांत पूर्वजांची थोरवी गावी आणि शेवटी काळास दोष देऊन मोकळे व्हावे, असा प्रघात आहे. आम्ही आज निराळाच एक प्रश्न विचारणार आहो. आपण ज्या आकारांची भांडी घडवीत आलो ते आकार कोणी ठरविले, आणि काळ पालटला म्हणजे ते बदलावेत की नाही?

या प्रश्नाचा पहिला उच्चार आम्हांस थेट ऋग्वेदात सापडला. ज्या त्वष्ट्याचे नाव आपण आपल्या ज्ञातीस लावतो, तो देवांचा कारागीर. इंद्राचे वज्र त्याने घडविले, आणि देवांनी सोम पिण्यासाठी एक चमस, म्हणजे पानपात्र, तेही त्यानेच घडविले. ऋभू, विभ्वन् आणि वाज हे सुधन्व्याचे तीन पुत्र मूळचे मर्त्य. परंतु केवळ हातांच्या कौशल्यावर देवपदास चढले. त्यांनी अश्विनांसाठी रथ केला, इंद्रासाठी घोडे केले, आणि त्वष्ट्याच्या त्या एका चमसाचे चार चमस केले. चमस लाकडाचा असे, धातूचा नव्हे; परंतु गोष्ट भांड्याची आहे आणि थोरामोठ्याने घडविलेल्या आकारास हात लावण्याची आहे, म्हणून ती आपली आहे.

आता यातील मर्म पाहावे. थोरल्या गुरूने केलेल्या भांड्याचा आकार धाकट्यांनी बदलला, तेव्हा गुरूस काय वाटले? ऋग्वेदात याची दोन उत्तरे आहेत. पहिल्या मंडलात त्वष्टा संतापतो. देवांच्या पानपात्राची ज्यांनी अवहेलना केली त्यांना मारून टाकू, असे म्हणतो आणि स्त्रियांमध्ये जाऊन तोंड लपवितो. चौथ्या मंडलात मात्र थोरला म्हणतो, एकाचे दोन करू. मधला म्हणतो, तीन करू. धाकटा म्हणतो, चार करू. आणि त्वष्टा त्या बोलण्याची वाखाणणी करतो. एकच देव, एकच चमस, आणि वृत्ती मात्र दोन. हे दोन्ही त्वष्टे आपल्या घराघरांत आजही नांदत आहेत, असे आम्हांस वाटते.

‘आमचे आकार सनातन आहेत, ते बदलू नयेत,’ हे पहिल्या त्वष्ट्याचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. हिमालयातील कुलूच्या खोऱ्यात गुंडला येथे 1857 साली एक लोटा सापडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लोटा. त्याच्या पोटावर राजपुत्राच्या मिरवणुकीचे चित्र कोरलेले आहे. रथ, हत्ती, घोडेस्वार, वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया असा सारा थाट आहे. परंतु चित्र बाजूस ठेवून नुसता आकार पाहिला, तर गोल पोट, आवळलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ पाहून आपल्याकडील कोणतीही आजी म्हणेल, “हा तर आपला तांब्या!” दोन हजार वर्षे जो आकार टिकला त्याच्यापुढे मस्तक नम्र होते.

परंतु आपल्याच मातीत याहून जुना असा दुसराही पुरावा आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे हे गाव आहे. तेथे 1950-51 साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांची मातीची भांडी निघाली, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही त्या गावी मिळाल्या. त्या भांड्यांत लांब तोटीचे एक भांडे फार प्रसिद्ध आहे. म्हणजे महाराष्ट्रातील माणूस तोटीने पाणी ओतीत होता आणि काठानेही ओतीत होता. झारीने तोटी ठेविली, तांब्याने ती ठेविली नाही. ज्या कामाला जे सोयीचे ते टिकले. यास सनातनता म्हणावयाची असेल तर ती आकाराची नव्हे, सोयीच्या शोधाची सनातनता होय.

आता घागरीकडे वळू. आम्ही लहानपणी घागर रोज पाहिली; परंतु ती अशीच का, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत आम्हांस पडला नाही. विचार करू लागलो तेव्हा तिचा एकेक अवयव बोलू लागला. रिकामी घागर विहिरीत सोडली की गोल बुडामुळे ती पाण्यावर उभी राहत नाही, आपोआप कलते आणि भरते; सपाट बुडाचे भांडे तरंगत राहिले असते. काठ बाहेर वळलेला आहे तो शोभेसाठी नव्हे. दोराचा फास त्याखाली अडकून बसतो, निसटत नाही. गळा अरुंद आहे, म्हणून चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. पोटाचा फुगा कमरेच्या खळगीत बसतो आणि हाताचा वेढा गळ्यास पडतो. डोक्यावर घ्यावयाची तर गोल बूड चुंबळीत ठाम बसते, आणि घरी आल्यावर अडणीवर. विहीर, दोर, चुंबळ, कंबर आणि अडणी या पाचांनी मिळून घागर घडविली; तांबटाने त्यांचे ऐकले, एवढेच.

त्यात धातूनेही आपला शब्द टाकला. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की ताठ होतो, आणि तापवून विझविला की पुन्हा नरम होतो. नरम करावा, जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर धरून ठोकावा, पुन्हा तापवावा, असे करीत करीत पोट उतरते. बूड, पोट आणि गळा निरनिराळे करून झाळतात, चिंचेच्या पाण्याने उजळतात आणि शेवटी मठारतात. मठाराच्या त्या चकचकीत टिकल्या पाहून गिऱ्हाईक म्हणते, काय सुरेख नक्षी! ती नक्षी नव्हे, ते भांड्याचे बळ आहे. एकाशेजारी एक असा हजारो वेळा हातोडा पडल्याने पातळ पत्रा ताठ होतो, पोचे पडत नाहीत आणि सांधाही झाकतो. आपल्या व्यवसायात सौंदर्य आणि मजबुती ही दोन निराळी खाती कधीच नव्हती.

हे सारे एका परदेशी जोडप्याने आपल्याआधी ओळखिले, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चार्ल्स ईम्स व रे ईम्स हे अमेरिकन संकल्पकार पतिपत्नी आपल्या देशात हिंडले आणि 1958 च्या एप्रिलमध्ये त्यांनी सरकारास एक अहवाल सादर केला. या देशात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये त्यांनी मोठा मान दिला तो रोजच्या वापरातील लोट्यास. परंतु त्यांनी नुसती स्तुती केली नाही. लोटा नव्याने घडवावयाचा झाल्यास कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील याची लांबलचक यादीच दिली. पाणी किती मावावे? उचलणारा हात केवढा? डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावयाचा? भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? धार कशी पडते? आत हात घालून घासता येतो का? खाली ठेविला तर आवाज कसा होतो? किंमत काय, आणि शेवटी मोडीत काढला तर काय मिळते? कोणा एका माणसाने लोटा घडविलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी तो घडविला, हेही त्यांनी नमूद केले. या अहवालातूनच पुढे 1961 साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आपल्या माजघरातील तांब्या त्या शाळेचा पहिला धडा झाला म्हणावयास हरकत नाही.

परंतु जेव्हा हा गौरव होत होता तेव्हाच आपल्या आळीतील ठोक मंदावू लागली होती. याची कारणे एका दिवसात घडलेली नाहीत. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी करविण्यास आरंभ केला; हलके आणि स्वस्त म्हणून ते गरिबाच्या घरी शिरले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे तांब्याच्या आयातीवर नियंत्रण आले, पत्रा मिळेना. पाठोपाठ स्टेनलेस स्टील आले. त्यास कल्हई नको, चिंच नको, राख नको. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून नवसागर टाकून कथलाची कल्हई करावी लागे. दारी येणारा कल्हईवाला दिसेनासा झाला आणि त्याच्यामागोमाग पितळी पातेलीही माळ्यावर गेली. चुलीच्या तीन दगडांवर गोल बुडाचे तपेले छान बसे. गॅसच्या शेगडीवर ते डुगडुगू लागले. नळ घरात आला आणि विहीर, दोर, चुंबळ, कंबर, अडणी हे घागरीचे पाचही सोयरे एकदम नाहीसे झाले.

येथे एक चमत्कार लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या वस्त्यांत अजून लांबून पाणी भरावे लागते, तेथे घागर गेलेली नाही. ती प्लास्टिकची झाली. परंतु गळा तोच, काठ तोच, पोटही तेच. म्हणजे काम टिकले तेथे धातू गेला तरी आकार टिकला; काम गेले तेथे आकारास कोणीही वाचवू शकले नाही. यावरून तात्पर्य असे की, आकार हा वाडवडिलांच्या इच्छेने टिकत नाही, वापरणाऱ्याच्या गरजेने टिकतो.

आपल्या पूर्वजांनीही हे जाणले होते. तांब्याचा बंब पाहावा. मधोमध जाळाची नळी, खाली जाळी व राखेची जागा, भोवती पाणी आणि बाजूस तोटी. विस्तव पाण्याच्या पोटात ठेविल्यामुळे थोड्या गोवऱ्या-लाकडांत घरभराची आंघोळ होई. चुलीवर तपेले ठेवून घंगाळात पाणी काढण्याच्या जुन्या रीतीहून ही रीत किती निराळी! परंतु बंब आला तेव्हा परंपरा बुडाली असे कोणास वाटले नाही. आज तोच बंब आपण परंपरेचे प्रतीक म्हणून दाखवितो.

मग आपण कोठे अडलो? आमच्या मते एक मोठी अडचण तराजूची आहे. तांब्याचे भांडे वजनावर विकावयाचे आणि मजुरीही वजनावर घ्यावयाची, ही आपली जुनी चाल. धातूचे मोल मोठे होते आणि मोडीला खात्रीचा भाव होता, तोवर ती गिऱ्हाइकासही न्याय्य होती. परंतु तिच्यामुळे जड भांड्यास जास्त मजुरी आणि हलक्या, अवघड, नव्या घडणीस कमी, असे झाले. डोके चालविण्याचे वजन तराजूत पडत नाही. जो नवे करील तो उपाशी राहील, अशी व्यवस्था आपणच करून ठेविली आणि मग नवे कोणी करीत नाही म्हणून हळहळलो.

आता घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास मन कचरते, तरीही सांगणे अगत्याचे आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमचा पुतण्या, थोरल्या बंधूंचा मुलगा, संकल्पनाचे शिक्षण घेऊन घरी आला आणि त्याने वडिलांपुढे एक कागद ठेविला. कागदावर पाण्याचे तांब्याचे भांडे रेखिले होते. बूड सपाट, म्हणजे ओट्यावर बसावे; तोंड रुंद, म्हणजे हात घालून घासता यावे; वर झाकण आणि खाली तोटी. बंधूंनी कागद बाजूस सारला. म्हणाले, “घागरीला तोटी लावतोस? उद्या देवाच्या ताम्हनाला मूठ लावशील!” आम्ही तेथेच होतो. आम्हीही बंधूंचीच री ओढली. म्हणालो, “अरे, वाडवडील काय वेडे होते?” मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, ते वेडे नव्हते म्हणूनच विचारतोय. त्यांनी गळा अरुंद का केला, ते मला कुणी सांगेल का?”

अडतीस वर्षे मुलांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून सांगणाऱ्या शिक्षकास त्या दिवशी उत्तर देता आले नाही. दोराचा फास आणि विहिरीतील कलणे हे जे वर लिहिले, ते सारे त्या दिवसानंतर शोधून काढलेले आहे. आणखी एक गोष्ट मुलाने बोलून दाखविली नाही, परंतु आमच्या मनास डाचली. आमच्या मातोश्रींची घागर वडिलांनी स्वतः घडविली होती, तिच्या काठावर ठिपक्यांच्या अक्षरांत आईचे नाव घातले होते. ती आम्हीच 1986 साली मोडीत घातली आणि तिच्या मोबदल्यात स्टीलचा डबा व सहा वाट्या आणल्या. दुकानदाराने नाव वाचले नाही, वजन पाहिले. परंपरेचा कैवार घेऊन मुलास गप्प करणारे आम्ही, आमच्या घरात पाण्यासाठी तांब्याचे एकही भांडे उरले नव्हते!

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीस गेला. दोन-अडीच महिन्यांनी आम्ही कारखान्यात गेलो, तो बंधू एक सपाट बूड हातात धरून बसलेले. जन्मभराच्या ठोकण्याने त्यांना ऐकू कमी येते. ते पत्र्याची परीक्षा तळहाताने करतात. अंगठ्याने दाबले की बूड आत जाई आणि सोडले की टक्कन बाहेर येई. त्यांनी ते तापवून नरम केले, मधला भाग आतून किंचित उचलला, कडेचा पट्टा तेवढा टेकता ठेविला आणि मठारून ताठ केला. मग आम्हांस म्हणाले, “त्याला फोन करून सांग, सपाट बूड चालत नाही, आतून उचलावं लागतं. आणि तोटी दोन बोटं वर घे म्हणावं, खाली गाळ बसतो.” याहून अधिक काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मुलगा आला. कागदाची चूक हाताने दुरुस्त केली आणि हाताची सवय कागदाने मोडली; तेव्हा कोठे भांडे झाले. त्यातील एक आमच्या घरी आहे आणि हा लेख लिहिताना त्याचेच पाणी पीत आहो. ते भांडे फार खपले असे नाही. मुलगा अजून नोकरीतच आहे, परंतु दर रविवारी कारखान्यात बसतो.

सुदैवाने असे प्रयत्न एकट्या घरापुरते राहिलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत इन्टॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेने आणि शिकलेल्या तरुण संकल्पकारांनी तांबट आळीतील कारागिरांबरोबर बसून नव्या वस्तू करविल्या. तबके, दिवे, कुंड्या, वाडगे अशा वस्तूंवर तोच मठार उतरला. अशा वस्तूंची किंमत वजनावर न ठरता घडणीवर ठरू शकते, ही त्यातील मोठी गोष्ट. शास्त्राचाही कौल अनुकूल आहे. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेविलेल्या पाण्यातील पटकी, आमांश, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू नष्ट झालेले आढळले आणि पाण्यात उतरलेले तांबे आरोग्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होते. तेव्हा नळाच्या घरातही तांब्यास काम उरले आहे. त्या कामाजोगा आकार मात्र आपण दिला पाहिजे.

एक इशारा येथे दिल्यावाचून राहवत नाही. बंबास छत्र्या ठेवण्याचे पिंप करणे आणि ताम्हन भिंतीवर टांगणे म्हणजे नवी घडण नव्हे. ते जुन्या वस्तूस दिलेले निवृत्तिवेतन होय. ज्या वस्तूस रोज हात लागतो, रोज पाणी लागते, तीच वस्तू व्यवसायाचे पोट भरील. नव्या आकारासही विहीर आणि दोराप्रमाणेच कडक परीक्षक हवेत. आजचे परीक्षक म्हणजे ओटा, नळ, लहान खोली, घासणीची सवय आणि नोकरी करणाऱ्या गृहिणीचा वेळ. त्यांचे ऐकावे.

आमची ज्ञातिबांधवांस हात जोडून विनंती आहे. घरोघरी माळ्यावर जी जुनी भांडी आहेत, ती मोडीत घालण्यापूर्वी त्यांची मापे घ्यावीत, चित्रे काढावीत, आणि ज्या वृद्ध हातांनी ती घडविली त्यांना ‘हे असे का?’ म्हणून विचारावे. कारण ते हात आता थोडे उरले आहेत. आपल्या संस्थेने दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो त्याच समारंभात एक बक्षीस नव्या घडणीच्या भांड्यासाठी ठेवावे, आणि ते कागद काढणारा व हातोडा मारणारा अशा दोघांना मिळून द्यावे. तरुणांनीही एवढे ध्यानात ठेवावे की ऋभूंनी चमस फोडला नाही. त्याचेच चार केले. जुना आकार कशासाठी होता हे ज्यास सांगता येते, त्यानेच तो बदलावा.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांविषयी काय सांगावे? त्वष्ट्याच्या दोन वृत्तींपैकी पहिली आम्ही अनुभवून पाहिली आहे. तिच्यात तोंड लपविण्यापलीकडे काही नाही. दुसरी उशिरा का होईना, आमच्या बंधूंनी धरिली. ज्ञातीतील प्रत्येक घराने ती धरावी, ही त्वष्ट्याच्याच चरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवितो.